न शिकवलेल्याचे वीस गुण

आमच्या संचालकांना मी माफ केलेलं नाही. ते आता निवृत्त झालेत. रस्त्यात भेटले तर हात जोडतात, मीही जोडते, आणि हात जोडलेले असतानाच मनात त्यांना पुन्हा एकदा त्या खुर्चीत बसवून तो कागद मोठ्यानं वाचायला लावते. वय झालं की राग निवळतो असं सांगतात. माझा लोणच्यासारखा मुरतो.

आमची संस्था दादरला, फूलबाजारापासून चालत पाच मिनिटांवर. मी तिथे आधी पंधरा वर्षं सभांची टिपणं घेतली, पत्रं लिहिली, इतिवृत्तं लिहिली. हे माझ्या रक्तातच आहे. वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत आईला भाजी आणायला सांगतानासुद्धा ‘तरी कृपया’ म्हणायचे. त्यामुळे संस्थेनं सोसायटीच्या कामकाजावर ऑनलाइन अभ्यासक्रम काढायचं ठरवलं, तेव्हा तो आपसूक माझ्या गळ्यात आला. खुला अभ्यासक्रम. कुणीही यावं, फी नाही, शिक्षणाची अट नाही, हातात फोन असला की झालं. लालबाग, परळ, नायगावात चाळी पडत होत्या आणि त्यांच्या जागी टॉवर उभे राहत होते. काल नळावर भांडणारी माणसं एका रात्रीत सभासद झाली होती. त्यांना नोटीस, ठराव, मतदान, इतिवृत्त हे सगळं कुणीतरी शिकवायला हवं होतं.

पहिल्या फेरीत मी सगळं नीट बांधून दिलं. आठ आठवडे, आठ व्हिडिओ, प्रत्येकाखाली दहा प्रश्न. लोकांनी बरोबर उत्तरांवर टिचक्या मारल्या आणि पास झाले. पण व्हिडिओखाली एक चर्चेची जागा होती, तिथे वेगळंच चाललं होतं. एका गृहस्थांनी लिफ्टच्या दुरुस्तीची नोटीस कशी लिहायची ते विचारलं होतं. चार दिवसांनी पाहते, तर दहा-बारा जण मिळून, लिफ्ट बंद पडली तर वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांची औषधं कुणी वर न्यायची याची यादी कशी ठेवावी ते ठरवत होते. हे मी शिकवलं नव्हतं. माझ्या दहा प्रश्नांत हे कुठे मोजलंही जात नव्हतं. मला आनंद झाला आणि लगेच स्वतःचा रागही आला, कारण जे खरं शिकले त्याचे त्यांना शून्य गुण होते.

म्हणून दुसऱ्या फेरीत मी दोन गोष्टी केल्या. सहावा आठवडा रिकामा ठेवला. व्हिडिओ नाही, प्रश्न नाहीत, फक्त एक सूचना: आपल्या इमारतीचा एखादा कागद आणा आणि इतरांना दाखवा. रिकामं ठेवणं हे सगळ्यात अवघड काम असतं. फार मोकळं सोडलं तर माणसं बावचळतात, फार आवळलं तर आपलंच आपल्याला परत आणून देतात. आणि परीक्षेत शेवटी वीस गुणांचा एक प्रश्न घातला: आम्ही न शिकवलेलं तुम्ही काय शिकलात, कोणाकडून शिकलात, त्याचा पुरावा काय, आणि मग तुम्ही काय केलंत? चार भाग, पाच-पाच गुण. दोघांनी वेगवेगळं तपासायचं. उत्तर आपल्याला आवडलं म्हणून गुण द्यायचे नाहीत आणि बोचलं म्हणून कापायचे नाहीत, हा नियम मीच लिहिला, माझ्या हातानं.

सहाव्या आठवड्यात लालबागच्या एक बाई आल्या. पन्नाशीच्या आतबाहेरच्या असाव्यात. सासरे गिरणीत होते, नवरा नव्हता, आणि त्या स्वतः एका जुन्या डॉक्टरांच्या दवाखान्यात केसपेपर लिहायच्या. दवाखान्याची इमारत पडणार होती, डॉक्टरही थकले होते, म्हणजे काम जाणारच होतं. त्यांच्या चाळीच्या जागी झालेल्या टॉवरमध्ये सोसायटीच्या ऑफिसात एक माणूस हवा होता. कमिटीनं सांगितलं होतं, दसऱ्यापर्यंत प्रमाणपत्र दाखवा, मग बघू. हे सगळं त्यांनी ओळख करून देतानाच लिहिलं होतं, केसपेपर लिहावा तसं, आडपडदा न ठेवता.

त्यांनी चाळीच्या जुन्या कमिटीच्या इतिवृत्ताचे फोटो टाकले. प्रत्येक ठरावाखाली एकच शब्द होता: सर्वानुमते. खाली त्यांनी लिहिलं, ‘या सभेत माझे सासरे उभे राहून नको म्हणाले होते. मी खिडकीशी होते, माझ्या कानांनी ऐकलं. मग हे सर्वानुमते कसं काय?’

त्यावर नायगावचे एक निवृत्त हवालदार आले. त्यांनी लिहिलं, ‘ताई, फोटो नीट बघा. हजेरीच्या सह्या वर आहेत आणि मजकूर खालच्या जागेत दाटीनं कोंबलाय. सह्या आधी, मजकूर नंतर. कोऱ्या पानावर सही घेतलीय.’ मग वरळी कोळीवाड्यातल्या एक मावशी आल्या. मच्छीमार सोसायटीत त्यांनी पुष्कळ सभा पाहिल्या होत्या. त्यांनी व्हॉइस नोट टाकली: ‘आमच्यात चहा आला ना, की वही फिरते. एका हातात कप, दुसऱ्या हातात पेन. कोण वाचतंय? आणि पुढच्या मीटिंगला पहिलाच विषय असतो, मागचं इतिवृत्त कायम करणे. सेक्रेटरी बोलतो, वाचलं असं समजूया. सगळे बोलतात, हां हां. झालं कायम.’

मी पंधरा वर्षं तेच केलं होतं. चहा मागवायची वेळसुद्धा मीच साधायचे. माझ्या तिसऱ्या व्हिडिओत मी हसतमुखानं सांगितलं होतं की इतिवृत्तात वाद लिहू नये, फक्त निर्णय लिहावा. आणि इथे तीन माणसं, ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नव्हतं, माझाच धंदा उलगडून दाखवत होती. आठवडा संपेपर्यंत त्यांनी आपसांत नियम ठरवले: कोऱ्या पानावर सही करायची नाही. विरोध असेल तर त्याच दिवशी लेखी द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची. पुढच्या सभेत पहिल्या विषयाला उठून म्हणायचं, वाचा.

परीक्षेत लालबागच्या बाईंनी हेच लिहिलं, पुराव्यासकट. मी त्यांना वीसपैकी अठरा दिले. माझ्या सहकाऱ्यानंही वेगळं तपासून अठराच दिले. बाकीच्या प्रश्नांत त्या बेताच्याच होत्या, ऐंशीपैकी त्रेचाळीस. एकूण एकसष्ट. पास व्हायला पन्नास लागत होते.

निकाल लागायच्या आधी कुठल्याशा सोसायटीच्या अध्यक्षांचा संचालकांना फोन आला. तुमचा कोर्स आमच्या लोकांना भांडायला शिकवतो, म्हणे. संचालक कुणाशी वाईट बोलायचे नाहीत. गोड बोलून काटा काढणं ही त्यांची रीत. त्यांनी परीक्षा समितीची सभा बोलावली. आम्ही पाच जण होतो. शेवटच्या प्रश्नावर बोट ठेवून ते म्हणाले, “मला एवढंच सांगा, जे आपण शिकवलंच नाही त्याचे गुण आपण कसे द्यायचे? उद्या कुणी म्हणेल मी पोहायला शिकलो. द्यायचे गुण?”

दोघं-तिघं हसले. मला उत्तर पाठ होतं. पुरावा मागितलाय, दोघांनी तपासलंय, दोघांचे गुण जुळलेत, पोहण्याचे कुणी मागितले नाहीत. हे सगळं जिभेवर होतं. पण सभेत विरोध करायचा नाही, नंतर केबिनमध्ये जाऊन शांतपणे बोलायचं, हे मला त्या इमारतीनं शिकवलं होतं, आणि माझा करार त्याच महिन्यात नव्यानं व्हायचा होता. मी मूग गिळून बसले. चहा आला. वही फिरली. मी सही केली.

नंतर केबिनमध्ये गेले. ते म्हणाले, “बाई, तुमचं म्हणणं पटतं हो मला. पण आता ठरलंय. इतिवृत्तसुद्धा झालं.” मी म्हटलं, प्रश्न रद्द करायचा तर करा, पण मग गुण ऐंशीपैकी मोजा. तशाही लालबागच्या बाई निम्म्याच्या वर आहेत. ते म्हणाले, सिस्टीममध्ये शंभरच आहे, त्याला आपण काय करणार. लालबागच्या बाई शंभरपैकी त्रेचाळीस गुण मिळवून नापास झाल्या. मी जिना उतरले ती संचालकांना पाण्यात बघतच.

दोन दिवसांनी बाई स्वतः संस्थेत आल्या. हातात दवाखान्याची कापडी पिशवी, चष्मा दोऱ्यानं गळ्यात. रडारड नाही, आवाज चढवणं नाही. म्हणाल्या, “मॅडम, माझा काय चुकला ता समजला पायजे. तेवढाच.” मग स्वतःच हसून सरळ भाषेवर आल्या. “प्रश्न रद्द केला म्हणतायत. कोणी केला?”

“समितीनं,” मी म्हटलं.

“मग त्या सभेच्या इतिवृत्ताची नक्कल मिळेल काय?”

मी त्यांना अर्जाचा नमुना दिला, पोच घ्यायला सांगितलं. त्यांच्यापुढे मी तावातावानं बोलत होते. म्हटलं, “तुम्ही काळजी करू नका. मी त्या माणसाला सोडत नाही. बघाच तुम्ही.” त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं, “बरं” म्हणाल्या आणि अर्ज पिशवीत ठेवला.

पुढचे दोन महिने मी जितकी गोड वागले तितकी माझ्या लग्नातही वागले नव्हते. संचालकांना गुढघेदुखीवर तेल आणून दिलं. त्यांच्या शर्टाचं कौतुक केलं. आणि घरी, जेवणानंतर, संस्थेचे नियम वाचत बसले. सभेचे नियम, समितीचे नियम, कोण कुणाला बोलावू शकतं, इतिवृत्त कायम होईपर्यंत ठरावाचं काय होतं. त्या शेवटच्या प्रश्नाची सगळ्यांची उत्तरं छापून घेतली, नावं झाकली. नियमात होतं की समितीच्या सभेला विश्वस्त हजर राहू शकतात. कुणी कधी येत नसे, कारण कुणी कधी बोलावतच नसे. आमच्या एक विश्वस्त बाई होत्या, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मी त्यांना घरी जाऊन आमंत्रण दिलं.

सभा दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी होती. विश्वस्त बाईंना पाहून संचालक उठून उभे राहिले, स्वतः खुर्ची ओढून दिली. मग बसून म्हणाले, “विषय पहिला. मागील सभेचं इतिवृत्त. वाचलं असं समजून कायम करूया.”

मी म्हटलं, “वाचा ना, सर.”

ते हसले. “सगळ्यांना पाठवलंय की.”

“तरी वाचा.”

विश्वस्त बाई म्हणाल्या, “वाचा, वाचा. मी नव्हते मागच्या वेळी.”

संचालकांनी चष्मा पुसला आणि ते वाचायला लागले. मी खोटं कशाला बोलू, मला अतोनात सुख झालं. ‘सदर प्रश्नातून मोजण्याजोगे कोणतेही शिक्षण दिसून येत नसल्यामुळे’ या वाक्यापाशी मी त्यांना थांबवलं आणि छापलेल्या उत्तरांचा गठ्ठा विश्वस्त बाईंच्या पुढ्यात ठेवला. प्रत्येक उत्तरावर दोघांचे गुण लिहिलेले होते, आणि त्यांत दोन-तीनपेक्षा जास्त फरक कुठेच नव्हता. बाईंनी लाल पेन काढलं, सवयच ती, आणि तीन उत्तरं शांतपणे वाचली. संचालक कागदाची कड बोटानं सरळ करत होते.

“पुढे वाचा,” मी म्हटलं.

“सदर प्रश्न रद्द करण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर.”

मी एकेकाला विचारलं, तुम्ही होकार दिला होता का? एक म्हणाले, विचारलंच नव्हतं. दुसऱ्या म्हणाल्या, मला वाटलं नुसती चर्चा चाललीय. माझा सहकारी म्हणाला, तेव्हा चहा आला होता. संचालकांचा चेहरा पडला. त्यांचा आवाज इतका बारीक झाला की विश्वस्त बाईंना कानामागे हात धरावा लागला. मी मुद्दाम म्हटलं, “सर, जरा मोठ्यानं.”

विश्वस्त बाईंनी इतिवृत्त कायम करायला नकार दिला. इतिवृत्त कायम झाल्याशिवाय ठराव लागू होत नाही, असा आमचाच नियम; ठराव पडला, प्रश्न परत आला. शेवटची खोडी म्हणून संचालक म्हणाले, जुनी उत्तरं नकोत, नापास झालेल्यांना आठ दिवस देऊन नव्यानं लिहायला सांगा. मला चाललं असतं काहीही. तपासायचं आम्ही दोघांनीच होतं.

बाहेर येऊन मी लगेच लालबागला फोन लावला. सगळं सांगितलं, चष्मा पुसण्यापासून बारीक आवाजापर्यंत, रंगवून सांगितलं. मला वाटलं त्या हसतील. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे पुन्हा लिहायचा ना? आठ दिवसांत?”

“हो. तेच लिहा, मागचंच. सोपं आहे.”

“बघते,” त्या म्हणाल्या.

सहाव्या दिवशी त्यांचं उत्तर आलं. त्यांनी मागचं लिहिलं नव्हतं. उत्तर माझ्याजवळ आहे, ते जसंच्या तसं देते.

‘काय शिकले: आपल्या बाजूचा माणूससुद्धा सभेत गप्प बसतो. तो गप्प बसला की सर्वानुमते मध्ये धरला जातो. मग तो बाहेर येऊन आपल्याला सांगतो की मी त्यांना सोडणार नाही.

कोणाकडून शिकले: हा अभ्यासक्रम तयार करणाऱ्या मॅडमकडून.

पुरावा: माझा प्रश्न रद्द केला त्या सभेच्या इतिवृत्ताची नक्कल सोबत जोडली आहे. अर्जाची पोच जोडली आहे. हजेरीतली चौथी सही पाहावी. विरोधाची नोंद नाही. लेखी विरोधही नाही, तशी चौकशी मी ऑफिसात केली.

मग काय केलं: घरी जाऊन सासऱ्यांना विचारलं, त्या सभेत तुम्ही नको म्हणालात तेव्हा बाजूला कोण होतं? ते म्हणाले चौघे होते, चौघांनाही नको होतं, नंतर जिन्यात चौघांनी माझी पाठ थोपटली. ते चौघे अजून आहेत. मी चौघांच्या घरी जाऊन, आम्हालाही नको होतं, अशी त्यांची पत्रं घेतली आहेत. प्रती जोडल्या आहेत.’

खाली चार पत्रांचे फोटो होते. थरथरत्या अक्षरांतली चार पत्रं.

मी लॅपटॉप बंद केला. पहिला विचार आला तो चांगला नव्हता. मनात म्हटलं, हिच्यासाठी मी दोन महिने त्या माणसाच्या गुढघ्याला तेल आणलं आणि ही मलाच पुरावा म्हणून जोडते? एवढा राग मला संचालकांचाही आला नव्हता. नक्कल मागायला त्या आल्या, तेव्हाच त्यांना संशय आला होता. सभेच्या कितीतरी आधी त्यांनी ती सही पाहिली होती, आणि मी फोनवर रंगवून सांगत असताना ती नक्कल त्यांच्या पिशवीत होती. मी पुन्हा लॅपटॉप उघडला. पहिल्या भागाला तीन द्यावेत असं वाटलं. थोडं भडक लिहिलंय, असं कारणही सापडलं. मग मीच लिहिलेला नियम समोर उघडून ठेवला. बोचलं म्हणून कापायचे नाहीत.

काय, कोणाकडून, पुरावा, मग काय. चारही भागांत मला कापायला जागा सापडली नाही. मी वीसपैकी वीस दिले. सहकाऱ्यानंही वीस दिले आणि मला फोन करून विचारलं, “या मॅडम म्हणजे तुम्हीच ना?” मी हो म्हटलं. तो म्हणाला, “माझी पाचवी सही आहे. मी पण तिथेच होतो.”

एकूण त्रेसष्ट. कमिटीला सही-शिक्क्याचं छापील प्रमाणपत्र हवं होतं, म्हणून दसऱ्याच्या चार दिवस आधी बाई पुन्हा संस्थेत आल्या, तीच कापडी पिशवी घेऊन. त्यावर दोन सह्या लागतात, संचालकांची आणि अभ्यासक्रम तयार करणाऱ्याची. दोन्ही झाल्या होत्या. मी प्रमाणपत्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि पोचवही उघडून पेन दिलं. चहा मागवू का विचारलं. त्या म्हणाल्या, “आधी सही होऊ दे.”

त्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. प्रमाणपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, माझ्या सहीपाशी जरा थांबल्या, मागची बाजू उलटून पाहिली. मग पोचवहीतला मजकूर वाचला, तारीख घातली आणि खाली सही केली.